दांडीखालचा आराम

वजनाच्या गोष्टी स्टोअरकीपरना कोणी शिकवायची गरज नव्हती. बावीस वर्षं गोदामात पोती मोजण्यात गेली होती. तळघरातल्या जिममध्ये नाव घालताना त्यांनी बायकोला बजावलं होतं, महिन्याभरात शर्टाच्या बाह्या उसवतील, सुई-दोरा काढून ठेव.

जिममध्ये पुरुषांचा एक अलिखित कायदा होता. आधीच्याने दांडीवर चढवलेलं वजन उतरवायचं नाही. उतरवलं की इज्जतही तेवढ्याच किलोंनी उतरली. त्या दुपारी स्टोअरकीपर बाकावर आडवे झाले तेव्हा दांडीवर साठ किलो होते. चढवून गेली होती शाळेची बस चालवणारी बाई. म्हणजे आता सुटकाच नाही.

शिकवणाऱ्या ताईने विचारलं, मागून धरायला कोणी हवंय का. ते म्हणाले, छे, सवय आहे.

दांडी छातीपर्यंत आली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. ताई पुन्हा डोकावली तेव्हा, जरा आराम करतोय, असं त्यांनी हसून सांगितलं. एकला जिम बंद व्हायचं. हाक मारावी, तर दारात चार बायका गप्पा मारत उभ्या! त्या जाऊ देत, असं ठरवून ते गप्प राहिले. त्या गेल्या, त्यांच्यामागे दिवे गेले, मग कुलूप वाजलं.

तळघरात मिट्ट काळोख झाला. गार होणारी यंत्रं बोटं मोडल्यासारखी कटकट वाजत होती. श्वास चमचाभरच आत जात होता. आणि थोड्या वेळाने त्यांच्या ध्यानात आलं, की खोलीत श्वास आपल्या एकट्याचा चालू नाही.



"घाबरू नका," भिंतीकडून कोणीतरी पुटपुटलं. "मीपण आरामच करतोय."

"कधीपासून?"

"सकाळच्या बॅचपासून." बराच वेळ नुसती धाप ऐकू आली. "ओरडू नका हं, पाया पडतो. तुम्हाला सोडवतील आणि मी सापडेन."

स्टोअरकीपरनी शब्द दिला. छातीत हवा उरली होती तेवढी त्यातच संपली. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, तेवढ्यात कुलूप निघालं. ताई मोबाइलचा उजेड पाडत आली, दांडी उचलून खाचेत ठेवली आणि त्यांना उठवून बसवलं.

"काका, बाहेर तुमच्या सोडून अजून चार जोड चपला आहेत. आत कोणी आहे का?"

दिलेला शब्द पाळायचा म्हणून स्टोअरकीपर म्हणाले, "कोणी नाही."

आणि काळोखाच्या चार कोपऱ्यांतून, एकामागून एक, घोगरे आवाज आले, "कोणी नाही."