योस्तच्या पाठीवरचा पाऊस

यंदा ओसेलोतेपेक गावचा पाऊस एका डच पाहुण्याने पळवला. छे, असं काही झालंच नाही! त्या गावात कुणी डच आलाच नव्हता. आणि आला असला तरी त्याच्या पाठीचं गावाने काय करावं?

तर, निकान्द्रोचं मक्याचं शेत तव्यासारखं तापलं होतं. गावाची रीत अशी, की मे महिन्यात वरची आळी आणि खालची आळी वाघाचे मुखवटे चढवून टेकडीवर जमते आणि ओल्या, पिळदार दोरांनी एकमेकांना बडवते. जेवढे फटके, तेवढा पाऊस.

"यंदा असा मार खातो, की ढग हुंदके देत येतील!" निकान्द्रोने मिशीला पीळ भरला.

"तेवढं एकच तुम्हाला जमतं," बायको एउलालिया म्हणाली. "ते तरी नीट करा. मका गेला तर खायचं काय, मुखवटा?"

सणाच्या दिवशी टेकडीवर निकान्द्रोच्या समोर तिचाच भाऊ, दुसऱ्या आळीचा एर्मेलिंदो. वर्षभराचा राग त्याने दोरात वळून आणला होता.

"या दाजी, झोडपतो!"

"झोडप! हात आखडू नकोस, माझ्या मक्याकडे बघ!"

दोर उठला आणि मध्ये योस्त! आदल्या दिवशीच गावात उतरलेला ताडमाड डच प्रवासी. त्याला वाटलं, खून पडतोय. "शांती, मित्रांनो!" म्हणत तो हात पसरून उभा राहिला आणि निकान्द्रोच्या वाट्याचे फटके त्याच्या पाठीवर बसले. चूक एर्मेलिंदोच्या लगेच लक्षात आली होती. पण पाठ ऐसपैस होती आणि हात बसला होता!

गावप्रमुख फोर्तुनातोकाकांनी निवाडा दिला, "ज्याची पाठ, त्याचा पाऊस."

"अहो काका, त्याला शेतसुद्धा नाही!"

"कुंडी असेल."

योस्त कण्हत ट्रकात चढला. टेकडीवर जमलेला काळा ढग क्षणभर घुटमळला आणि ट्रकामागे निघाला! शेजारच्या गावात योस्त मलम चोळून घ्यायला थांबला, तर तिथे कोंबड्या पोहू लागल्या.

"एर्मेलिंदो, मला मार! आत्ताच्या आत्ता!"

"दाजी, सण संपला. आता मारलं तर पाऊस येत नाही, पोलीस येतो."

पुढे योस्तचा घरून फोन आला. पाठ बरी आहे, पण इकडे पाऊस थांबत नाही. आमच्याकडे तो नेहमीचाच म्हणा!

"नेहमीचाच?" निकान्द्रो किंचाळला. "म्हणजे ही माणसं पिढ्यान् पिढ्या गावोगाव मार खात फिरतायत!"

सबब, डच दूतावासास सविनय विनंती: आपल्या नागरिकाच्या पाठीवर आमचा चालू हंगामाचा पाऊस आहे. तो मका वाळण्यापूर्वी परत करावा, अन्यथा पाठ पाठवावी. सण पुन्हा भरवण्यास गाव तयार आहे. दोर भिजवण्याचे पाणी मात्र पाठीसोबत पाठवावे.