परक्लोरिक आम्ल सुरक्षित असल्याबाबत

पिंपळगाव बसवंतच्या एका पानदेठ परीक्षण प्रयोगशाळेत परक्लोरिक आम्लाची बाटली लाकडी कपाटात ठेवलेली होती. द्राक्षपानांचे वाळवलेले देठ या आम्लात उकळले, की देठ नाहीसे होतात आणि त्यांतले पालाश, म्हणजे पोटॅश, तेवढे मोजायला उरते. संशोधनाला मोठे उपयोगी आम्ल. मात्र लाकूड, कागद, कापूस आणि तेल यांच्याशी त्याचे जमत नाही. संबंध आला तर आग लागते, प्रसंगी स्फोट होतो.

एका सकाळी प्रयोगशाळा सहायक ललिता भोये हिला बाटलीचे झाकण चिरलेले दिसले. खालची फळी ओली झाली होती. बाटली काचेच्या खोलगट ट्रेमध्ये दगडी ओट्यावर हलवावी आणि फळी धुऊन काढावी, असा अर्ज तिने तासाभरात दिला.

उत्तर तिसऱ्या आठवड्यात आले. कपाट क्रमांक चार हे नोंदीप्रमाणे ‘सुरक्षित कपाट’ असल्याने त्यातील वस्तू असुरक्षित असू शकत नाही.

ललिताने स्मरणपत्र दिले. मग आणखी दोन. फाइल जाडजूड झाली. घातक पदार्थाची कागदपत्रे पदार्थाजवळच असावीत, असा नियम प्रमुख मनोज अहिरराव यांना सापडला आणि फाइल बाटलीला टेकवून ठेवण्यात आली.

“साहेब, पण हा कागद आहे.”

“फाइल कागदाचीच असते, भोयेबाई.”

चौथ्या अर्जानंतर त्रिसदस्यीय समिती आली. तिने कपाटाकडे लांबून पाहिले.

“स्फोट होईल म्हणता. कधी?”

“ते सांगता येत नाही, सर.”

“मग अहवालात काय लिहू? दुर्घटनेच्या तारखेचा रकाना कोरा सोडता येत नाही.”

तारखेअभावी धोका अमान्य झाला. तरीही समितीने माणुसकी दाखवली. बाटलीला धक्का लागू नये म्हणून तिच्याभोवती कापूस भरावा, अशी शिफारस केली. कापूस मात्र त्याच दुपारी आला.

पुढे सुरक्षा सप्ताह लागला. उद्घाटनाला बाटली मधोमध मांडायची, खाली जरीचे कापड, शेजारी तेलाची समई, असे ठरले.

“साहेब, समई तरी नको!”

“सुरक्षिततेचं उद्घाटन काय टॉर्च लावून करायचं?”

पाहुणे हार घालून घेत होते तेवढ्यात ललिताने हातमोजे आणि चष्मा चढवला, घरून आणलेल्या काचेच्या भांड्यात बाटली ठेवली आणि मागच्या दगडी ओट्यावर नेली. पंधरा पावले तिला दूरच्या कळवण गावापर्यंत चालल्यासारखी वाटली. मग तिने फळी भरपूर पाण्याने धुतली, कापूस आणि फाइल पाण्यात बुडवली आणि तिथेच पायरीवर बसून राहिली.

ज्ञापन तासाभरात हातात पडले. विनापरवानगी सुरक्षित वस्तू हलवल्याबद्दल. शासकीय फाइल भिजवल्याबद्दल. तसेच भाकीत केलेला स्फोट अद्याप न झाल्याने चार अर्जांतून खोटी माहिती दिल्याचे सिद्ध होत असल्याबद्दल.

“मी हलवली म्हणूनच झाला नाही, साहेब!”

“म्हणजे न होण्याची जबाबदारी तुमची. तसं लिहून द्या.”

ललिताला निलंबित करण्यात आले. धोका कधीच नव्हता, याला साक्षीदार हवे होते. बाहेर मंडपात मिसळीच्या बश्या वाटल्या जात होत्या, तिथेच कागद फिरवला गेला. निफाडहून देठ घेऊन आलेले भिकाआबा पिशवी सावरत निघालेल्या ललिताला म्हणाले, “पोरी, सही केली का रिपोर्ट लवकर मिळंल ना?”

“आबा, आधी वाचा तरी त्यात काय लिहिलंय.”

“वाचायला येळ कुठं हाय? मागं रांग हाय.”

चव्वेचाळीस जणांनी सह्या केल्या. त्यांत शिक्षक होते, बागायतदार होते, एक निवृत्त न्यायाधीशही होते. मजकूर एकानेही वाचला नाही. आपण वाचला असता, असे वाटत असेल तर वाटू द्यावे. पण मिसळ गरम होती आणि पेन पुढच्याला द्यायचे होते.