पास्कूबाबांचा आक्षेप

आमच्या शेजारच्या पास्कूबाबांना जेवायला बोलावणं सोपं नाही. माझी आई दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे हाक मारून म्हणते, "पास्कू, दुपारी जेवूक ये रे." यावर साधा माणूस 'येतो' म्हणेल किंवा 'नको' म्हणेल. पास्कूबाब हातातला कोयता खाली ठेवतात, चष्मा वर सरकवतात आणि विचारतात, "येवकच व्हया, येवक व्हया, की इलंय तर चलात?"

आई पहिल्यांदा गोंधळली होती. आता ती, "मेल्या, भात थंड होता," एवढंच म्हणते आणि आत जाते. मग ते माझ्याकडे बघतात. "शुभा, ह्या कुठल्या दर्जाचा निमंत्रण समजूचा? सक्ती, शिफारस, की नुसती परवानगी?"

पास्कूबाब जन्मभर जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. समुद्रात निरोप पाठवताना एक शब्द इकडचा तिकडे झाला तर काय होतं, हे त्यांनी पाहिलं असावं. ते ठीक आहे. पण आमचं कट्टा गाव काही समुद्रात नाही. इथे बाजार आहे, एसटीचा थांबा आहे आणि एकमेकांचं बोलणं अर्धवट ऐकून पूर्ण समजून घेणारी माणसं आहेत. त्यांच्यात हा गृहस्थ प्रत्येक वाक्याला थांबवून त्याची झडती घेतो.

आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर पाटी होती : 'चपला बाहेर काढाव्यात.' पास्कूबाब बूट घालून सरळ आत गेले. कंपाउंडर ओरडला, तर म्हणाले, "'काढाव्यात' ही शिफारस झाली. मी शिफारशीचा विचार केला आणि ती नाकारली. सक्ती असेल तर तसं लिहा." दवाखान्यात ते शुद्ध मराठी बोलतात, त्यामुळे समोरच्याला दुप्पट राग येतो. डॉक्टरांनी वैतागून पाटी बदलली : 'चपला बाहेर काढल्याच पाहिजेत.' पुढच्या वेळी पास्कूबाब पायरीवर बूट काढून अनवाणी, प्रसन्न चेहऱ्याने आत आले आणि पाटी छान झाली म्हणून डॉक्टरांचं अभिनंदन करून गेले. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. फक्त पाटी बघायला आले होते.

आईने त्यांना एकदा तिसऱ्यांच्या एकशिपीची, म्हणजे शिंपल्यांच्या सुक्याची, कृती सांगितली. "आणि मीठ चवीपुरता," असं ती म्हणाली मात्र, यांनी हात वर केला. "कोणाच्या चवीपुरता?" आईने तेव्हापासून त्यांना कृती सांगणं बंद केलं. वाडगा भरून देते आणि वाडगा परत मागते. दोन्ही सक्तीचं.

हे सगळं मी शेजारधर्म म्हणून सोसलं असतं. पण माझं नशीब असं, की माझं कामच त्यांच्या जिभेच्या टप्प्यात आलं.

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम कट्ट्याला घरी बसून करते. त्याच कामातून मी एका गटात गेले. आपण ज्यांच्यावर विजेचं बिल भरतो, तिकिटं काढतो, अर्ज करतो, ती वेब अ‍ॅप्लिकेशन्स कशी वागावीत याचे नियम हा गट लिहितो. माणसं जगभरची. फिनलंडची आयनो अध्यक्ष, कॅनडातली दोघंतिघं, सिंगापूरचे एक गृहस्थ, आणखी बरेच. आठवड्यातून एकदा सगळे पडद्यावर भेटतात. आमच्याकडे तेव्हा दिवेलागण, कॅनडात नाश्त्याची वेळ, आणि सिंगापूरचे गृहस्थ नुकतेच जेवून जांभया देत असतात. मी मसुद्याची एडिटर. म्हणजे सगळ्यांनी भांडायचं आणि जे उरेल ते मी नीट वाक्यात लिहायचं.

या मसुद्याचं वैशिष्ट्य असं, की तो जगात सगळ्यांसाठी खुला असतो. कोणीही वाचावा, कोणीही आक्षेप नोंदवावा, आणि प्रत्येक आक्षेपाला एडिटरने उत्तर द्यावं. मोठ्या अभिमानाने मी हे एकदा पास्कूबाबांना सांगितलं. कोणीही!

"कोणीही?" त्यांनी विचारलं. "म्हणजे मीसुद्धा?"

मी हसून हो म्हटलं. ते हसले नाहीत.

आठवडाभरात मसुद्याच्या पानावर आक्षेपांचा पाऊस पडला. स्वल्पविरामावर आक्षेप. 'लवकर' या शब्दावर आक्षेप. 'सामान्य वापरकर्ता' असं मी लिहिलं होतं, त्यावर त्यांनी विचारलं : सामान्य म्हणजे कोण, आणि त्याला कोणी भेटलं आहे का? आयनोला हा माणूस भलताच आवडला. तिने त्यांना बैठकांना बोलावलं. एडिटर म्हणून ते आमंत्रण मलाच पाठवावं लागलं.

आणि लिहून भागायचं नाही. सकाळी मी चहा घेऊन पडवीत आले, की ते गडग्यावर कोपरं टेकून उभे.

"वाचलंस?"

"पास्कूबाब, तुम्ही थंय लिवलास मा? मगे हंय कित्याक सांगतास?"

"थंय लिवलंय ता एडिटराक. हंय सांगतंय ता शेजारणीक."

वर्ष असं गेलं. मसुदा बाकी सगळा तयार झाला आणि एका कलमावर अडकला. तुम्ही एखादा लांबलचक अर्ज भरताय. मध्येच पान म्हणतं, तुमची वेळ संपली, आणि भरलेलं सगळं पुसून टाकतं. सुरक्षिततेसाठी वेळेची मर्यादा लागते, हे खरं. आमच्या मसुद्यात होतं, की वेळ संपण्याआधी सूचना 'द्यावी'. पास्कूबाबांचं म्हणणं, सूचना 'दिलीच पाहिजे', आणि माणसाने मागितला तर जास्तीचा वेळही 'दिलाच पाहिजे', मागेल तितक्या वेळा.

सिंगापूरचे गृहस्थ ऑनलाइन पैसे भरण्याची यंत्रणा बनवणाऱ्या एका कंपनीतर्फे यायचे. ते दर बैठकीत जांभई आवरून विचारायचे, "पण इतका वेळ कोणाला लागतो?" पास्कूबाब दर बैठकीत म्हणायचे, "लागणाऱ्याला." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. एकमत झाल्याशिवाय आमच्याकडे काही पुढे सरकत नाही. मसुदा छापायची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. कंपनीतले वरिष्ठ मला विचारू लागले, की तुझा तो कोकणातला माणूस नक्की कोण आहे. माझा माणूस!

एका बैठकीत माझा बांध फुटला. सगळ्यांदेखत मी म्हणाले, "पास्कूबाब, तुम्ही वर्षभर मोघम बोलताय. दुसऱ्यांना मोघम बोलू देत नाही, आणि स्वतः? इतका वेळ लागणारं एक माणूस दाखवा. एकच दाखवा, मी आज कलम बदलते."

पडद्यावर ते माझ्याकडे बघत राहिले. मग मान वळवून मागे, घरात कुठेतरी पाहिलं.

"माझा आक्षेप मी मागे घेतो," ते म्हणाले आणि पडद्यावरून गेले.

सिंगापूरच्या गृहस्थांची जांभई अर्ध्यात थांबली. या माणसाने आजवर एक स्वल्पविराम मागे घेतला नव्हता. आयनो म्हणाली, घाई नको, कलम पुढच्या आठवड्यात मंजूर करू.

मला आनंद व्हायला हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन पडवीत आले, तर गडग्यावर कोणी नाही. मी चहा निवांत प्यायचं ठरवलं आणि तो निवला तरी पीत बसले. आई आतून म्हणाली, "पास्कू इलो नाय तो आज? बरा नाय की काय तेका? बघून ये."

मी गेले.

दार मिलाग्रीन टीचरांनी उघडलं. पास्कूबाबांची बायको. अर्ध्या कट्ट्याला त्यांनी गणित शिकवलं, मलाही. त्यांचा आवाज शाळेच्या मैदानापलीकडे, थेट एसटीच्या थांब्यापर्यंत जायचा आणि तिथे उभी असलेली पोरं पाढे म्हणायला लागायची. मधे त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. बऱ्या झाल्या असं सगळे म्हणत. त्याही म्हणत. पण बाजारात यायच्या बंद झाल्या होत्या, चर्चमध्येही पहाटेच्या प्रार्थनेला जाऊन लोक जमायच्या आत परतायच्या. कोणी भेटायला गेलं तर टेबलाशी बसून हळू आवाजात दोन वाक्यं बोलायच्या, हात टेबलाखाली.

आज दार उघडताना तो उजवा हात मला दिसला. नुसता लोंबत होता.

"ये," त्या म्हणाल्या. "तुझ्या आक्षेपवाल्यान कालपासून माझ्याशी बोलणा सोडलाहा. काय झाला गो कॉलावर?"

मी सांगितलं. मी काय मागितलं, आणि ते कसे गेले. टीचर ऐकता ऐकता खुर्चीत बसल्या. टेबलावर कॉम्प्युटर होता आणि पडद्यावर एक अर्ज, अर्धा भरलेला.

"ह्या बघ," त्या म्हणाल्या. "पोर्तुगीज शिकवतत, घरबसल्या. माझी आजी सगळी प्रार्थना पोर्तुगीजात म्हणी. अर्थ तिका ठावक नाय, आमकाही नाय. म्हटला, आता वेळ आसा तर शिकूया. पण ह्यो अर्ज! डाव्या हातान एकेक अक्षर शोधतंय, आणि शेवटच्या पानार पोचलंय की सगळा पुसता. दररोज."

"पास्कूबाब भरून देतील की."

टीचरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी सातवीत गेले.

"तेणा भरल्यान तर तो तेचो अर्ज झालो. माझो खंय?" मग जरा थांबून म्हणाल्या, "बसता तो माझ्या बाजूक. हात मांडयेखाली घालून बसता, चुकान की-बोर्डाक लागतीत म्हणान. एक अक्षर सांगणा नाय. त्या माणसाक गप बसूक किती तरास होता, तुका ठावक आसा."

मला ठाऊक होतं.

"तेणा माका इचारल्यान, तुझा नाव सांगू? मी म्हटलंय, खबरदार. सगळ्या जगाक माझो हात दाखवूक मी काय कोणाचा उदाहरण नाय." त्या पडद्याकडे बघत होत्या. "काल तू मागलंस आणि तेणा सांगूक नाय. हरलो, पण सांगूक नाय."

स्वयंपाकघरात भांडं पडलं. पास्कूबाब तिथे होते आणि सगळं ऐकत होते.

"शुभा," टीचर म्हणाल्या, "पुढचो कॉल कधी?"

"नको गो, मिलाग्रीन," आतून आवाज आला.

"तू गप रव."

पुढच्या बैठकीला पास्कूबाबांच्या चौकोनात टीचर दिसल्या. इस्त्रीचा फ्रॉक, केस नीट विंचरलेले. बाजूला मी. टीचरांनी कॅमेरा स्वतः खाली वळवला, हात दिसेल असा, आणि आपल्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं, की मी एक अर्ज भरणार आहे, तोवर कोणी बोलणार नाही. आयनोसकट कोणी बोललं नाही. पास्कूबाब खोलीत नव्हते. अर्ज सुरू झाला तसे ते उठून मागल्या अंगणात गेले होते.

नाव. आडनाव. पत्ता. डाव्या हाताचं एक बोट कळांवरून फिरत होतं, सापडेपर्यंत थांबत होतं. चुकलं की टीचर मागे जाऊन पुसायच्या आणि पुन्हा. चर्चची संध्याकाळची घंटा झाली. मी माझ्या मांडीवरचे हात घट्ट धरून बसले होते. जगभरची माणसं आपापल्या चौकोनात हलायची थांबली होती. शेवटचं पान आलं. दोन रकाने उरले. आणि पान पांढरं झालं : तुमची वेळ संपली आहे.

टीचरांनी कॅमेरा वर केला.

"कोणाला कळलं नसेल तर मी परत करून दाखवते," त्या म्हणाल्या, फळ्यावरचं गणित दाखवावं तशा.

सिंगापूरचे गृहस्थ म्हणाले, "नको, मॅडम." मग जरा चाचरत, "पण सुरक्षिततेचा विचार केला तर..."

"उभं राहून बोला," टीचर म्हणाल्या. आणि मग तो आवाज सुटला. त्या गृहस्थांना तुम्ही कधी अर्ज भरलात, कोणत्या हाताने भरलात, आणि सुरक्षितता कोणाची, असं एकामागून एक विचारलं. ते खरोखर उभे राहिले होते. शेवटी त्यांनीच सुचवलं : सूचना दिलीच पाहिजे, वेळ दिलाच पाहिजे. मी ते लिहिलं. एकाचाही आक्षेप आला नाही.

"जा, तेका हाडून ये," टीचर मला म्हणाल्या आणि पडद्याकडे वळल्या. "आता पुढचं कलम वाचा. हे वाक्य कोणी लिहिलं आहे?"

ते वाक्य मी लिहिलं होतं. एका घरात दोन परीक्षक! मी घाईघाईने मागल्या दारी सटकले.

पास्कूबाब विहिरीच्या कठड्याला टेकून, घराकडे पाठ करून उभे होते.

"रडली?" त्यांनी न वळता विचारलं.

"नाय."

"पान गेला?"

"गेला. शेवटाक."

"मगे?"

"मगे बोल बसले. सिंगापूरवाल्याक. बरेच."

ते वळले. कलमाचं काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांचा चेहरा बघून मलाही सांगावंसं वाटलं नाही.

"झटको इल्यापासून," ते म्हणाले, "माका सोडून ती कोणाक मोठ्यान बोलूक नाय."

घरातून टीचरांचा आवाज येत होता. विशेषणं किती वापरायची यावर त्या कॅनडाला झापत होत्या. रस्त्यावरून जाणारा कोणीतरी थबकला आणि सायकलवरून उतरला.

"टीचर बोलवतत," मी म्हटलं. "चला."

पास्कूबाबांनी हात वर करून मला थांबवलं.

"रव गो," ते म्हणाले. "वायच आयकूया."