जोड बघणारे नाना

लग्नात सगळे नवरीकडे बघतात, आमचे शेजारी नाना भोईर गाठीकडे बघायचे. नवरानवरी पाया पडायला वाकली की आशीर्वाद देण्याआधी नाना त्यांच्या शेल्या-उपरण्याची गाठ दोन बोटांत धरून ओढून बघत. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात त्यांनी ती सरळ सोडली आणि भटजींच्या देखत नव्याने मारली. "ढिली व्हती," ते म्हणाले. "घाटात सुटली असती." बहिणीची सासू अजून विचारते, ते गृहस्थ कोण होते.

नानांची सगळी नोकरी कर्जत स्टेशनात गेली. पुण्याकडे जाणारी गाडी घाट चढायला निघाली की तिला कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. ती जोडायचं काम नानांचं. तेवढ्या वेळात प्रवासी उतरून वडे खात. "कर्जतचा वडा समद्यांना म्हायती," नाना म्हणत, "कर्जतचा जोड कुनाला नाय."

निवृत्त झाल्यावर त्यांनी उरलेल्या जगाचे जोड तपासायला घेतले. बैलगाडीचं जू, दाराची बिजागरी, पंचायतीतली युती. आमच्या युवक मंडळाच्या सभेला ते एकदा मागे येऊन बसले आणि जाताना मला म्हणाले, "पुढारी, तुमच्यात वढनारे लय झाले. जोडनारा कोन हाय रं?" मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. पत्रकं वाचून शिकलो होतो आणि पत्रकंच लिहीत होतो. माणसाकडे बघायच्या आधी तो कोणत्या वर्गात बसतो ते ठरवायची मला सवय होती. नानांना मी 'निरुपद्रवी' या वर्गात टाकलं होतं.

मग नानांनी घरगाडी बांधायला घेतली.

खोपोलीच्या एका कारखान्याने मोडीत काढलेली जीप त्यांनी आणली. तिच्यामागे ओढायला दोन चाकांवर पत्र्याची खोली उभी केली. आत खाट, पाण्याची टाकी, कोपऱ्यात स्टो. कुणी विचारलं की म्हणत, "फिरनार हाय. हिंदुस्थान बगनार." ती गाडी खरी कशासाठी होती ते मला पुढे कळलं. तुम्हाला मात्र आत्ताच सांगतो, कारण अजाणतेपणाची जी सवलत मी स्वतःला दिली, ती तुम्हाला देऊन उपयोग नाही.

नानांची बायको, सुमनकाकी, चार वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. विहिरीवर पडून तिचा मणका गेला होता. तिला बसता येत नव्हतं, आणि आडवं झोपवून नेलं तरी गाडीच्या प्रत्येक हेलकाव्याला ती कळवळायची. एकदा बैलगाडीतून नेऊन पाहिलं, वेशीवरून परत आणावं लागलं. तिचं माहेर पोशीरला. तिथे तिची आई, नव्वदीची, रोज सकाळी दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, "माजी सुमी आली का?" मायलेकींच्या मधे नेरळच्या फाट्यावरून जाणारा तेवढा रस्ता होता. म्हणून गाडी. पण आजारी बाईची वरात काढली असं कुणी म्हणू नये, म्हणून नाना हिंदुस्थानचं नाव सांगत.

गाडी महिन्याभरात झाली. जोड होईना.

आधी त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखी साधी पिन लावली. पिन भोकात खडखडायची, दर खड्ड्याला धक्का. मग भंगारातून लष्करी हूक आणला, तो जीपपेक्षा जड. मग गोळा आणि वाटी. गोळ्यावर वाटी घट्ट बसली, धक्के गेले, पण वेग घेतला की मागची खोली डावी-उजवीकडे झुलायला लागायची. नाना प्रत्येक चाचणीला खाटेवर काठोकाठ ताकाचा तांब्या ठेवत आणि परत आल्यावर किती उरलं ते बघत. उरलेलं आम्हाला प्यावं लागे.

"शेपूट हाललं की कुत्रं खूश असतंय," ते तांब्यात बघत म्हणत, "गाडी नाय."

वजन मागे असलं की शेपूट जास्त हलतं, म्हणून त्यांनी पाण्याची टाकी पुढे आणली. थोडा फरक पडला. शेवटी त्यांनीच उपाय काढला. गोळ्याच्या बाजूला एक लोखंडी पट्टी, जीपपासून गाडीपर्यंत. पट्टीच्या दोन्ही अंगांना ब्रेकचे जुने लायनर, आणि ते आवळायला एक बोल्ट. वळताना पट्टी घासत सरकेल, पण उगाच झुलू देणार नाही. "मोकळंबी पायजे आनि धरलेलंबी पायजे," त्यांनी मला समजावलं. "संसारात बग, तसंच. पन तू कशाला बगशील, तुजं लगीन नाय."

पट्टीचं काम खोपोलीच्या दत्तू वेल्डरकडे दिलं. दत्तू आमच्या मंडळाचा सभासद, आणि माझी पत्रकं दुकानात टांगून ठेवणारा एकमेव माणूस. पट्टी निम्मी झाली होती तेव्हा मी 'चाकांवरचा बंगला' हे पत्रक लिहिलं.

त्यातलं मला अजून पाठ आहे. 'ज्या तालुक्यात माणसाला डोक्यावर छप्पर नाही, तिथे एक निवृत्त महाशय छपराला चाकं लावून हवा खायला निघाले आहेत. स्वाभिमानी कारागिरांनी या चैनीला हात लावू नये.' नाव घातलं नव्हतं. त्याची गरजही नव्हती, तालुक्यात अशी गाडी एकच होती. सायक्लोस्टाइलवर दोनशे प्रती काढल्या आणि पहाटे घरोघर दाराखालून सरकवल्या. नानांच्याही. तत्त्वाला शेजार आडवा येऊ नये, असं तेव्हा माझं मत होतं.

दत्तूने अर्धी पट्टी कोपऱ्यात उभी करून ठेवली. दुसरा वेल्डर ती घेईना, कारण एकाने सोडलेलं अर्धं काम दुसऱ्याने उचलायचं नाही हा त्या धंद्यातला रिवाज. आणि पहिल्यापासून नवी पट्टी दुसऱ्याकडे टाकायला नाना तयार नव्हते. "सुरू केली त्याचा हात तिला म्हायती हाय," म्हणायचे. दर दोन दिवसांनी खोपोलीला जात, दत्तूच्या दुकानासमोर बाकावर बसत आणि संध्याकाळी परत येत. असे पाच आठवडे गेले. मी ते माझ्या लेखणीचं यश मानलं.

एका दुपारी नाना माझ्या दारात आले. मी भांडणाची तयारी केली. मुद्देसुद्धा जुळवले.

"पुढारी, वजन किती रं तुजं?"

"पंचेचाळीस किलो."

"हां. मग चल, खाटंवर झोप. ताकानं आता काय कळत नाय."

मी का गेलो कुणास ठाऊक, पण गेलो. त्यांनी मला पट्ट्याने खाटेला बांधलं आणि जीप सुरू केली. पहिल्या वळणानंतर खोली झुलायला लागली. छत एकीकडे, पोट दुसरीकडे. मी हाका मारल्या, पुढे ऐकूच जात नव्हतं. डोळे कुठेतरी स्थिर ठेवावेत म्हणून मी मान वळवली, आणि नाकासमोर एक खिडकी दिसली. उभ्या माणसाच्या मांडीएवढ्या उंचीवर. बसलेल्याला वाकावं लागेल अशी. झोपलेल्या माणसाला मात्र त्यातून शेतं दिसत होती, डोंगर दिसत होता.

गाडी थांबल्यावर मी उतरून रस्त्याकडेला ओकलो. नाना पाठीवर हात फिरवत होते.

"काकीसाठी आहे का?" मी विचारलं.

"मग काय तुज्यासाटी?" ते म्हणाले. "आय वाट बगत्ये तिची."

पत्रकाबद्दल एक शब्द नाही.

त्याच संध्याकाळी मी खोपोलीला गेलो. दत्तूला सगळं सांगितलं. त्याने चष्मा वर केला. "मग तसं छाप की. दोनशे काढ."

"छापतो. तू आधी पट्टी कर."

दत्तूने पट्टी दोन दिवसांत केली. मी छापलं नाही. चूक दोनशे घरांत सांगितली होती, कबुली एकट्या दत्तूच्या कानात. मंडळाची विश्वासार्हता, चळवळीचं हित, अशी कारणं मला त्या वेळी चटकन सुचली.

पोशीरला निघालो तेव्हा काकीजवळ मी बसलो होतो. गाडी सरळ रेषेत गेली. काकी सबंध रस्ता खिडकीतून बघत होती आणि एकदाही कळवळली नाही.

चौघांनी खाट उचलून पडवीत म्हातारीशेजारी ठेवली. म्हातारीने काकीचा चेहरा चाचपला. "कुनाची गं तू?"

"तुजीच गं आय. सुमी."

"सुमी कर्जतला असत्ये," म्हातारी म्हणाली. तिने पुन्हा विचारलं, काकीने पुन्हा सांगितलं. काकीचा भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, तीन आठवडे झाले, आता ती कुणालाच ओळखत नाही. सुमी आली का हेही विचारत नाही. तिकडे तिसऱ्यांदा विचारल्यावर काकी म्हणाली, "शेजारची हाय." म्हातारीचं समाधान झालं. "शेजारनीला चा द्या रं," तिने आत हाक मारली. काकीने आडवं पडून बशीतून चहा प्यायला, आईचा हात हातात धरून.

परत निघताना नाना जोडापाशी उकिडवे बसून बोल्ट आवळत होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. पाच आठवडे, असं ते म्हणतील म्हणून वाट पाहिली. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

"तूच बस तिच्याजवळ," ते वर न बघता म्हणाले. "मला जीप चालवाया लागनार. पुढं बसलं की मागचं काय ऐकू येत नाय रं. रडली तर रडू दे. फकस्त एकटी नको."

काकी रडली नाही. नेरळचा फाटा मागे पडेपर्यंत खिडकीतून बघत होती. मग माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "दाराखालनं पत्रक सारलंस ना, तवा जागीच व्हते मी. पडल्या पडल्या मला फटीतनं मानसांचे पायच दिसतात. तुजे वळखले. आत बोलवनार व्हते, दोन शब्द बोलाया. मग म्हटलं, जाऊ दे, पोरगं घाईत हाय."