चुकलेल्या गालाची चामखीळ

"एका चित्रात नगरपिता ग्रिम्शॉला बोंबलत माझ्या दारात आणतो की नाही बघ!" मी शेजारच्या एझ्रा प्लक पाववाल्याला म्हणालो.

"छट्! गेंड्याची कातडी आहे त्याची. हसेल आणि जाईल."

"लाव पैज! हरलो तर भर रस्त्यात पिंपावर उभा राहून माझंच चित्र खाईन!"

तेव्हा आमच्या लंडनात लोक पावासाठी तडफडत होते आणि हा ग्रिम्शॉ धान्याची कोठारं दाबून बसला होता. मी तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवलं, सुई घेतली आणि सुटलोच! कडाडणारी वीज, काळाकुट्ट कडा, कड्यावर पर्वताएवढा ग्रिम्शॉ, बगलेत पाव, खाली उपाशी जनता! त्याच्या डाव्या गालावर बोराएवढी चामखीळ आहे, तीही झकास कोरली. पत्रा तेजाबात बुडवला, कागदावर छाप काढले, विकायला माझ्या दुकानाच्या खिडकीत टांगले.

आता छापताना डावं-उजवं बदलतं, म्हणून पत्र्यावर सगळं उलटं कोरायचं असतं, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. चित्राखालची 'पावचोर' ही अक्षरं मी नीट उलटीच कोरली. थोबाड मात्र जोशात सरळ काढलं! कागदावर चामखीळ आली उजव्या गालावर.

आणि उजव्या गालावर चामखीळ कोणाला? प्लकला! अंगानंही तसाच भोपळा!

"अरे, हा तर आपला पाववाला! तरीच पाव वजनाला हलका भरतो!" खिडकीपुढचे लोक गरजले.

"अहो, तो ग्रिम्शॉ आहे!" मी ओरडलो. कोण ऐकतंय? दुपारपर्यंत प्लकच्या काचा फुटल्या. पाव फळीवर वाळत पडले.

प्लकवहिनी दारात रडत होत्या. "टोबीभाऊ, तुमच्या सुईला आमचंच पोट सापडलं का हो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात ग्रिम्शॉ आला. खिदळत! "वा! हुबेहूब प्लक! डझनभर बांधा!"

पैज गेली खड्ड्यात. मी पिंप लोटत प्लकच्या दारापुढे नेलं, वर चढलो आणि कोकललो, "लोकहो, गाल चुकला! हा ग्रिम्शॉ आहे! प्लकचा पाव चोख आहे, गाढव मी आहे!" आणि चित्र तोंडात कोंबलं. शाई इतकी कडू, की डोळ्यांतून धारा!

लोक आधी हसले, मग वरमले. एक म्हातारी पाव मागायला पुढे झाली. प्लक लोण्याचं भांडं घेऊन बाहेर आला.

"टोबी, लेका, सुका कागद घशात अडकेल. लोणी लाव."

माझं मन भरून आलं. "नको रे, एझ्रा. संपलंच."

"संपलं कुठे?" तो म्हणाला आणि माझ्या खिडकीतला उरलेला सगळा गठ्ठा त्यानं बगलेतून काढला.