दोन तास बसण्याबाबतचे धोरण

घरात एखाद्याला स्मृतिभ्रंश झाला, की त्या घराला काळजी लागते. आणि काळजी लागलेली घरं पुरेशी जमली, की एक संस्था निघते. आमची संस्था अशीच निघाली. मी तिचा सहचिटणीस. (चिटणीसही आहेत, पण ते परिषदांना जातात.)

संस्थेचं काम डोंगराएवढं आहे. गेल्या वर्षी आम्ही जनजागृतीच्या फेऱ्या काढल्या, एक दौड घेतली, फुगे सोडले. (निळे. विसरण्याचा रंग निळा, हे उपसमितीने बहुमताने ठरवलं आहे.) प्रत्येक कुटुंबाला फ्रिजवर चिकटवायला एक चुंबक दिलं, त्यावर ‘तुम्ही एकट्या नाही’ असं छापलंय आणि खाली मदतवाहिनीचा नंबर. शिवाय दर बुधवारी सकाळी ‘स्वतःसाठी वेळ कसा काढावा’ हा वर्ग असतो. वर्गाला रुग्णाला आणायची परवानगी नाही, कारण रुग्ण शेजारी असला तर स्वतःसाठी वेळ कसला? हजेरी बेताचीच असते. लोकांना शिकायची आवडच उरली नाही, दुसरं काय.

अशातच एका बाईंचा मदतवाहिनीवर फोन आला. त्यांचे वडील म्हणजे निवृत्त न्हावी. उभा जन्म दुकानात गेला. आता लेकीला ते ‘अहो बाई’ म्हणतात, आणि जरा एकटे सोडले की दुकान उघडायला निघतात. दुकान केव्हाच विकलंय, तिथे हल्ली मोबाइल दुरुस्त होतात.

“दोन तास कुणी बाबांजवळ बसेल का हो?” लेक म्हणाली. “माझी दाढ काढायचीय.”

“तुमच्या भावना आम्हाला समजतात, ताई,” आमची कार्यकर्ती म्हणाली. (उत्तर छापील असतं, त्यामुळे चूक होत नाही.)

“भावना नाही हो. दाढ.”

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बसणं म्हणजे काही पोरखेळ नव्हे. उठला आणि बसला, असं चालत नाही. त्यासाठी संस्थेने ‘सोबत कशी करावी’ हा तीन दिवसांचा अभ्यासक्रम तयार केला आहे. आजवर शेहेचाळीस जण उत्तीर्ण झाले. त्यांतले एकतीस आता इतरांना शिकवतात, नऊ जण अभ्यासक्रम सुधारणा समितीवर आहेत, पाच जण गाव सोडून गेले आणि एकजण खरोखरच कुणाच्या तरी घरी जाऊन बसला. त्याची चौकशी चालू आहे. (तिथे त्याने चहाही घेतल्याचं समजतं.)

लेकीने पुन्हा फोन केला, पुन्हा केला. गाल टरारून सुजला होता, जेवण बंद झालं होतं. इतकी चिकाटी पाहून कार्यकारिणी भारावली आणि तिने बाईंना ‘उत्कृष्ट काळजीवाहक’ पुरस्कार जाहीर केला. खरं तर यादीत तीन नावं होती. एकीची आई वारली, म्हणून ती अपात्र ठरली. दुसरी नवऱ्याला आंघोळ घालत होती, तिने फोन उचलला नाही. हिने पहिल्याच घंटेला उचलला. तिला वाटलं, बसायला माणूस मिळाला.

“समारंभाला यायचं तर बाबांना कुठे ठेवू?” तिने मला विचारलं. तो प्रश्न समारंभाच्या कक्षेत येत नाही, असं मी नम्रपणे कळवलं. मग ती त्यांना घेऊनच आली. करणार काय?

सभागृह भरलं होतं. निवेदिका माइकवर म्हणाली, “पाहा, ताईंचा चेहरा समाधानाने कसा भरून आलाय!” लेकीने सुजल्या गालावर हात ठेवला, तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानंतर अध्यक्ष आपल्या त्यागाविषयी बोलले, आणि बोलून मंचावरच्या खुर्चीत बसले.

पहिल्या रांगेतले न्हावीबाबा मघापासून एकटक त्यांच्या मानेकडे बघत होते. आता ते उठले, मंचावर चढले. टेबलावरचं पांढरं कापड त्यांनी एका हिसक्यात ओढलं, ते झटकून अध्यक्षांच्या गळ्याभोवती गुंडाळलं आणि मागे गाठ मारली. ग्लास फुटले ते फुटलेच.

“किती दिवसांनी आलात! रान माजलंय नुसतं,” ते म्हणाले. “मान खाली.”

आमच्या अध्यक्षांनी आजवर कुणापुढे मान तुकवल्याचं इतिवृत्तात नाही. पण त्यांनी ती घातली खाली! एकदा उठायला बघितलं, तर बाबा म्हणाले, “हलू नका, कानाला लागेल.” हातात कात्री नव्हती, दोन बोटंच चालत होती. खिशातला कंगवा मात्र खरा होता. कापून झाल्यावर चंपी सुरू झाली, तसे अध्यक्ष डोळे मिटून घोरायला लागले. सभागृहात आमचे प्रशिक्षक बसले होते. ते शांतपणे टिपणं घेत होते.

लेक माझ्या शेजारी उभी. बापाचे हात असे बिनचूक चाललेले तिने बऱ्याच काळानंतर पाहिले असावेत. समोरच रस्त्यापलीकडे दाताचा दवाखाना होता. “हे धरा,” म्हणून तिने पुरस्काराची चौकट माझ्या हातात कोंबली आणि पदर सावरत धावत सुटली.

ती परतली तेव्हा दातांत कापूस होता. बाबा अध्यक्षांची मान झटकत होते. तिला बोलता येईना, डोळ्यांतून नुसत्या धारा. पुरस्काराने ताई हेलावल्याचं निवेदिकेने सांगितलं. बाबा ओरडले, “चला, पुढचा!” आणि आमचे खजिनदार अर्धे उठलेसुद्धा.

दुसऱ्याच दिवशी तातडीची बैठक झाली. घडलेला प्रकार गंभीर होता. संस्थेच्या अध्यक्षांनी, कुठलाही ठराव नसताना, एका रुग्णाजवळ बसून एका कुटुंबाला प्रत्यक्ष मदत केली होती. हे पसरलं तर उद्या कुणीही मागेल! सबब, यापुढे संस्थेच्या कार्यक्रमांत रुग्णांना प्रवेश नाही, असं एकमताने ठरलं. फोटो मात्र अहवालाच्या मुखपृष्ठावर घेतला. (मान खाली असल्यामुळे अध्यक्ष त्यात फार नम्र दिसतात.)

परवा लेकीचा पुन्हा फोन आला. “बाबा रोज विचारतात, ते गिऱ्हाईक कसं आलं नाही? अध्यक्षसाहेब मोकळे असतील का हो? या वेळी दाढ नाही. मला नुसतं झोपायचंय. दोनच तास.”

तिच्या भावना आम्हाला समजतात, असं तिला सांगण्यात आलं.

राहता राहिले तुम्ही. हे सगळं तुम्ही एका जागी बसून वाचलंत, मध्ये उठला नाहीत, मध्येच जरा हळहळलातही. अहवालात तुमची नोंद ‘लाभार्थी’ म्हणून झाली आहे. आणखी काही करायची गरज नाही. तुमच्या जिन्यातही असं एक दार आहेच, आणि त्यावरून जाताना तुम्ही पाय वाजू देत नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे. ते योग्यच आहे. पाय वाजले तर ती दार उघडेल.