रेसिंग कॅमची मोहीम व भेंडीचा बचाव

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, माघमासी, मौजे वैशाखरे, तालुके मुरबाड येथे जी मोहीम जाहली तिची हकिकत, पदरचा मीठमसाला बेतानेच घालून, लिहिली आहे. शहाण्याने एकदा वाचावी, मोटारसायकलवाल्याने दोनदा.

गुणाबाईसाहेबांचे चिरंजीव राजश्री अक्षयराव यांची दुचाकी इमानी, परंतु आवाजाने गरीब. रस्त्याने गेली तरी कोणी मान वर करीना, हे शल्य त्यांचे काळजात बहुत दिवस होते. मग मुरबाडचे कारागीर जगन मिस्त्री यांसी मसलत करून रेसिंग कॅम आणविला. कॅम म्हणजे इंजिनाचे पोटातील दांडा. त्याचे उंचवट्यांचे हुकुमाने व्हॉल्व्हरूपी दरवाजे उघडावे आणि मिटावे, ऐसा शिरस्ता. मिस्त्रींनी अर्ज केला की, नवे उंचवटे ताठ, दरवाजे फार वेळ सताड राहतील, आवाज दबदब्याचा येईल आणि गाडी पळाली तर वारा होईल, परंतु हळू चालीत दम गळेल. रावसाहेबांनी आवाज तेवढा ऐकला, बाकी मजकूर कानाआड केला. जुना कॅम ओटीवर टाकिला. तो मातुश्रींनी उचलून कोंबड्यांचे खुराड्यास अडसर घातला, कारण मुंगसाने दोन तलंगा नेल्या होत्या.

गाडी सुरू होताच डुग, डुगडुग, डुग ऐसा गजर जाहला, आळी गोळा झाली आणि रावसाहेब धन्य जाहले. मातुश्रींनी मात्र विचारिले, "गाडीला दमा लागलाय का रे?"

दुसरे दिवशी प्रातःकाळी भेंडीच्या दोन पाट्या आणि पाठीमागे खासा मातुश्री, ऐसे कूच जाहले. नाक्यावरून व्यापाऱ्याचा टेंपो सात वाजता सुटे. चढास लागताच इंजिनाने तीन वेळा शरणागती पत्करिली. शेजारचे कुंडलिकबाबा भाताचे पोते घेऊन जुनाट गाडीवर बाजूने फटफट निघून गेले आणि जाता जाता बोलिले, "आवाज चढ चढत नाय रे, गाडी चढते." टेंपो गेला, भेंडी घरी येऊन निबर जाहली, आणि व्यापाऱ्याचे फर्मान आले की, परवाचा तोडा, म्हणजे भेंडीची पुढील तोडणी, चुकल्यास दुसरे मळ्याशी बोली करू. हंगामाची भेंडी एका डुगडुगीपायी जाणार, हे पाहून रावसाहेबांची पाचावर धारण बसली.

मग खुराड्यास वेढा पडला. मातुश्री दारात ठाण मांडून बसल्या आणि अडसर काही देईनात. जगन मिस्त्री वकिलीस आले आणि सताड दरवाज्यांतून ताकद कैसी गळते हे त्यांनी तपशीलवार निवेदिले. मातुश्री म्हणाल्या, "येवढं कळाया मुरबाडला कशाला जायला पायजे? दार उघडं टाकलं तं खुराड्यात कोंबडी ऱ्हाते का?" मग तह ठरला की, जुना कॅम इंजिनास द्यावा आणि बदली तितकाच मजबूत दांडा खुराड्यास मिळावा.

तोड्याचे दिवशी तीच गाडी, त्याच पाट्या, त्याच मातुश्री, आणि तोच चढ फटफट चढून सात वाजण्यास दहा मिनिटे असता भेंडी टेंपोत चढली. वाटेत एकानेही मान वर केली नाही आणि रावसाहेबांस त्याचे काहीच वाटले नाही, उलट त्यांचे डोळे भरून आले.

सबब फत्ते गुणाबाईसाहेबांचे नावे दप्तरी दाखल केली असे. रेसिंग कॅमची नेमणूक खुराड्याचे अडसरीवर कायम जाहली आहे. दरवाजा आता पक्का मिटतो, मुंगूस फिरकत नाही, आणि आवाज बिलकूल नाही.